कमांड मिळेपर्यंत गप्प राहावे का?

प्रश्न : आदरणीय महोदय, मी एका विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, असून कमांडची, म्हणजे कॅप्टनपदाची, वाट पाहत आहे. मुंबई हा माझा बेस आहे. काही महिन्यांपूर्वी लागोपाठच्या रात्रपाळ्यांनंतर मी नियमाप्रमाणे थकव्याचा अहवाल दिला आणि पुढची ड्युटी घेतली नाही. त्यानंतर मला बेसच्या कार्यालयात बोलावण्यात आले. चहा देऊन, अगदी गोड शब्दांत, ‘कमांडच्या यादीत तुमचे नाव आहे, अशा वेळी फाइलमध्ये असे अहवाल दिसणे बरे नाही’ असे सांगितले गेले. लेखी काहीही नाही. तेव्हापासून माझ्या रोस्टरमध्ये स्टँडबाय आणि पहाटेच्या ड्युट्या वाढल्या आहेत. पावसाळ्यात गो-अराउंड (उतरणे सोडून विमान पुन्हा वर नेणे) केल्याबद्दल एका कॅप्टनकडून लेखी खुलासा मागितला गेला, हेही सर्वांना ठाऊक आहे. गेल्या महिन्यात पहाटे मुंबईत उतरताना आमचा वेग हवा त्यापेक्षा जास्त होता. मी बोलणार होते, पण शेजारचे कॅप्टन प्रशिक्षक असून कमांडच्या मूल्यमापनात त्यांचा शब्द चालतो, म्हणून थांबले. विमान व्यवस्थित उतरले. टाइप रेटिंगचे, म्हणजे विशिष्ट प्रकारचे विमान चालवण्याच्या प्रशिक्षणाचे, कर्ज अजून फिटलेले नाही. वडील म्हणतात, खांद्यावर कॅप्टनची चौथी पट्टी येईपर्यंत तोंड बंद ठेव. सहकाऱ्यांचेही तेच मत आहे. मी काय करावे?
— एक सहवैमानिक, विलेपार्ले

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमच्या पत्रात कार्यालयातले बोलावणे, रोस्टर, कर्ज आणि वडिलांचा सल्ला यांना बरीच जागा मिळाली आहे. मी सर्वांत जास्त वेळ थांबलो ते मात्र त्या पहाटेच्या उतरण्यापाशी, जे तुम्ही ‘विमान व्यवस्थित उतरले’ एवढ्यावर संपवले आहे. वेग जास्त असल्याचे दिसत असताना तुम्ही बोलला नाहीत. त्यामागे हवामान नव्हते, कामाची घाई नव्हती आणि अनुभवाची उणीवही नव्हती; कार्यालयातले ते चहापान होते. ज्या अधिकाऱ्याने तुम्हाला समज दिली त्याला बहुधा थकव्याच्या अहवालांची संख्या कमी व्हायला हवी होती. सहवैमानिकाने वेग मोठ्याने सांगू नये, असे त्याच्या स्वप्नातही आले नसेल. पण भीती खातेनिहाय वाटून देता येत नाही. रोस्टरसाठी घातलेली भीती तुमच्याबरोबर कॉकपिटमध्ये आली, आणि मला त्या अधिकाऱ्याच्या वागण्यातला अन्याय जितका बोचतो त्याहून अधिक हे बोचते.

म्हणून तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधीच सांगून टाकतो. कॉकपिटमध्ये गप्प राहण्याचा पर्याय तुमच्यापुढे नाही, कमांड मिळो वा न मिळो. जमिनीवर मात्र केव्हा, कोणाकडे आणि कोणत्या शब्दांत बोलायचे याची निवड तुमच्या हातात आहे, आणि तेथे दाखवलेला सावधपणा हा भित्रेपणा नव्हे. वडिलांचा सल्ला या दोन जागांपैकी एकीला थोडाफार लागू पडतो, दुसरीला अजिबात नाही.

७ ऑगस्ट २०२० च्या कोझिकोड अपघाताचा अंतिम अहवाल तुम्ही प्रशिक्षणात वाचला असेल. नसल्यास या आठवड्यात वाचावा. दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान पावसात धावपट्टीवर फार पुढे जाऊन टेकले, टोकावरून घसरून खाली कोसळले आणि दोन्ही वैमानिकांसह २१ जणांचा मृत्यू झाला. अस्थिर अप्रोच (वेग किंवा उंची ठरल्याप्रमाणे नसताना धावपट्टीकडे येणे) पुढे चालू ठेवणे आणि सहवैमानिकाने गो-अराउंड म्हटल्यावरही तो न करणे, ही त्यातली ठळक कारणे सर्वांच्या लक्षात राहिली. माझे लक्ष मात्र त्या अहवालातल्या एका कमी चर्चिलेल्या निष्कर्षावर जाते. दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाण त्याच कॅप्टनना न्यायचे होते, त्यामुळे कोझिकोडलाच उतरायचे हा विचार त्यांच्या निर्णयांवर प्रभाव टाकत होता, असे तपास पथकाने नोंदवले. आणि तेथे पुरेसे कॅप्टन नसण्याचे मूळ कंपनीच्या मनुष्यबळ धोरणात असल्याचेही म्हटले. म्हणजे कार्यालयात बसून आखलेले मनुष्यबळाचे गणित पावसातल्या एका अप्रोचपर्यंत पोहोचले होते. त्या रात्री कोणी कोणाला धमकावले असे अहवाल म्हणत नाही, आणि मीही म्हणत नाही. कोणी काही न बोलताही एवढे घडू शकते, तर जेथे बोलावून समज दिली जाते तेथे काय होत असेल, एवढाच माझा मुद्दा आहे. याच अहवालाने कॅप्टन आणि सहवैमानिक यांच्यातल्या अधिकाराच्या तीव्र उतारावरही, म्हणजे कनिष्ठाला वरिष्ठापुढे बोलणे अवघड करणाऱ्या अंतरावरही, बोट ठेवले आहे. त्याच्या दहा वर्षे आधी, २२ मे २०१० रोजी, मंगळूरला १५८ जणांचा बळी गेला तेव्हाही सहवैमानिकाने गो-अराउंड सुचवला होता. या दोन्ही सहवैमानिकांनी निदान तोंड उघडले होते, हे कठोर वाटले तरी तुम्हाला सांगणे मला भाग आहे.

पुढच्या वेळी बोलणे सोपे व्हावे यासाठी एक साधी गोष्ट करता येते. विमान खाली आणण्यापूर्वीच्या ब्रीफिंगमध्ये, वातावरण शांत असताना, ‘हजार फुटांवर आपण स्थिर नसलो तर मी गो-अराउंड म्हणेन’ असे सरळ सांगावे. समोरचा कॅप्टन कितीही ज्येष्ठ असला तरी त्या क्षणी ‘नको’ म्हणणार नाही, कारण ते कंपनीच्याच कार्यपद्धतीत लिहिलेले असते. तेथे मिळालेला होकार नंतर तुमच्या कामी येतो. ऐन वेळी मत मांडू नये, आकडा सांगावा. ‘सर, जरा वेग जास्त वाटतो’ या वाक्यात आर्जव आहे आणि ते दुर्लक्षिता येते. ठरलेल्या शब्दांत दिलेला वेगाचा कॉल हा कामाचा भाग आहे, त्यात उद्धटपणा शोधणे प्रशिक्षकालाही अवघड जाईल. आपल्याकडे वडीलधाऱ्यांच्या चुकीवर बोट ठेवताना आवाज आपोआप खाली येतो, आणि हा संस्कार घरात ठीक असला तरी सहवैमानिकाच्या उजव्या आसनावर तो सोबत नेऊ नये.

त्या कॅप्टनच्या लेखी खुलाशाबद्दल मी थोडा वेगळा विचार मांडतो. गो-अराउंडबद्दल विचारणा होणे म्हणजे प्रत्येक वेळी दडपशाहीच असते असे नाही. सुरक्षा विभाग वाऱ्याची, धावपट्टीवरच्या पाण्याची आणि नियंत्रण कक्षाने दिलेल्या अंतराची माहिती मागत असेल, तर ती मागायलाच हवी. विचारणारा कोण आहे, उत्तर कोणत्या फाइलमध्ये जाते आणि उत्तरानंतर रोस्टर बदलते का, यावरून चौकशी आणि दटावणी यांतला फरक ओळखता येतो. सुरक्षा विभागाऐवजी वेळापत्रक सांभाळणारा अधिकारी विचारत असेल आणि प्रश्न ‘काय घडले’ याऐवजी ‘का केलेत’ असा असेल, तर उत्तर काहीही दिले तरी संदेश पोहोचलेला असतो. मुंबईत हा दबाव अधिक जाणवतो, कारण एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्यांपैकी एका वेळी एकच वापरावी लागते, रांग लांब असते, आणि जुलैच्या पावसात एकदा उतरणे सोडले की पुन्हा घिरट्या, इंधनाचा हिशेब आणि कदाचित अहमदाबादचा रस्ता. हा खर्च त्याच दिवशी तक्त्यात दिसतो. न केलेल्या गो-अराउंडचा खर्च कोणत्याही तक्त्यात दिसत नाही, आणि दिसतो तेव्हा १ जुलै २०१९ च्या रात्रीसारखा दिसतो. त्या रात्री मुसळधार पावसात जयपूरहून आलेले स्पाइसजेटचे विमान धावपट्टी ओलांडून पुढे गेले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही, पण मुख्य धावपट्टी काही दिवस बंद पडून शहराची हवाई वाहतूक कोलमडली. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या अभ्यासानुसार अस्थिर अप्रोचपैकी जेमतेम तीन टक्के वेळा वैमानिक गो-अराउंड करतात. हे प्रमाण पाहता, गो-अराउंड करणाऱ्याला जाब विचारणारी कंपनी कोणत्या वर्तनाला उत्तेजन देत आहे, हे तिच्या संचालकांनी स्वतःला विचारायला हवे.

तुमचे सहकारी म्हणतील की विमानातील प्रत्येक हालचाल नोंदली जाते, मग आपण सांगितले नाही म्हणून काय बिघडले? तुमच्या त्या पहाटेचा वेगही नोंदला गेला आहे आणि कदाचित कोणाच्या तरी संगणकावर लाल खूण होऊन पडला आहे. पण ती नोंद काय घडले तेवढेच सांगते. सहवैमानिकाला वेग दिसत होता, शब्द ओठांवर आला होता आणि मूल्यमापनाच्या भीतीने मागे फिरला, हे कोणत्याही यंत्रात साठत नाही. ते फक्त माणूस सांगू शकतो, आणि ज्याला शिक्षेची भीती आहे असा माणूस सांगत नाही. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळाकडे येणारे टीडब्ल्यूए या अमेरिकी कंपनीचे विमान डोंगरावर आदळून ९२ जण मेले. नियंत्रकाने दिलेल्या परवानगीचा अर्थ लावताना ज्या उंचीबाबत गैरसमज झाला, त्याच गैरसमजातून सहाच आठवडे आधी युनायटेड एअरलाइन्सचे एक विमान त्याच भागात थोडक्यात वाचले होते. त्या वैमानिकांनी ते सांगितले, युनायटेडने आपल्या इतर वैमानिकांना सावधही केले. टीडब्ल्यूएपर्यंत ती गोष्ट पोहोचलीच नाही. यातून १९७६ मध्ये अमेरिकेत ऐच्छिक अहवालांची जी व्यवस्था उभी राहिली ती चालवण्याचे काम दंड करणाऱ्या नियामकाकडे न ठेवता मुद्दाम नासाकडे दिले गेले. अहवालातून नावे काढून टाकली जातात, आणि जाणूनबुजून न केलेल्या चुकीबद्दल दहा दिवसांत अहवाल दिल्यास सहसा दंडातून सूट मिळते. ज्याच्या हातात छडी आहे त्याच्याकडे कोणी मनातले बोलत नाही, हे त्यांनी पन्नास वर्षांपूर्वी ओळखले. आपल्याकडच्या अनेक कंपन्यांत अहवालाची पेटी आणि कमांडची यादी अजून एकाच दालनात ठेवलेली दिसते.

आता थकव्याच्या अहवालाविषयी. देशातील हवाई वाहतुकीचा नियामक असलेल्या डीजीसीएने जानेवारी २०२४ मध्ये ड्युटीच्या वेळेचे सुधारित नियम जाहीर केले. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली, रात्रीची व्याख्या पहाटे सहापर्यंत वाढली आणि रात्रीच्या उतरण्यांची मर्यादा सहावरून दोनवर आली. हे नियम २०२५ च्या जुलै आणि नोव्हेंबरमध्ये टप्प्याटप्प्याने लागू झाले, आणि डिसेंबरमध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली तेव्हा तर त्यांची चर्चा लोकलच्या डब्यातही होत होती. चर्चेत न आलेला भाग तुमच्या उपयोगाचा आहे. कंपन्यांनी थकव्याच्या अहवालांचे विश्लेषण आणि त्यांवर केलेली कारवाई दर तिमाहीला डीजीसीएला कळवायची आहे, आणि हे अहवाल देणाऱ्यावर दंडात्मक कारवाई न करण्याचे व गोपनीयतेचे धोरण पाळायचे आहे. म्हणजे तुम्हाला चहाबरोबर जे ऐकवले गेले ते निव्वळ असभ्य नाही, नियमाच्या हेतूविरुद्ध आहे.

त्यामुळे दमल्यावर आजारपणाची रजा टाकू नये. बरेच जण तसे करतात, कारण ताप-खोकल्याला कोणी प्रश्न विचारत नाही. पण त्यामुळे तिमाही तक्त्यात थकवा कमी दिसतो आणि पुढचे रोस्टर तितकेच निर्दयी निघते. थकवा असेल तर थकवाच लिहावा : कोणत्या ड्युट्या झाल्या, झोप प्रत्यक्षात किती मिळाली, जागरण कोणत्या कारणाने झाले. विशेषणे नकोत, कोणाच्या हेतूविषयी अंदाज नकोत. घरात लग्नकार्य होते म्हणून झोप झाली नसेल तर तेही प्रामाणिकपणे लिहावे. विश्रांतीच्या वेळी विश्रांती घेणे ही जबाबदारी तुमची आहे, आणि तिच्यात कसूर करून रोस्टरला दोष देणाऱ्यांमुळे खऱ्या अहवालांची पत जाते.

बेसच्या कार्यालयातील भेटीची नोंद आजच करून ठेवावी : तारीख, वेळ, उपस्थित व्यक्ती आणि आठवतील ते शब्द. पुन्हा बोलावणे आले तर जावे, शांतपणे ऐकावे, आणि त्याच दिवशी कंपनीच्या ईमेलवरून ‘आजच्या भेटीत आपण जे सांगितलेत ते मी असे समजले, काही चुकीचे असल्यास कृपया कळवावे’ एवढे दोन ओळींत लिहावे. गोड शब्दांतली समज कागदावर यायला फार कचरते, आणि ती कागदावर येऊ शकते हे कळल्यावर अनेकदा बंदही होते. रोस्टर जाहीर झाले तेव्हाचे आणि बदलल्यानंतरचे, दोन्ही जपून ठेवावेत. मात्र स्टँडबाय वाढले हा निष्कर्ष काढण्यापूर्वी तुमच्याच ज्येष्ठतेच्या दोन-तीन सहवैमानिकांचे रोस्टर शेजारी ठेवून पाहावे; योगायोगाला सूड समजून तक्रार केली तर खरी तक्रारही त्यात वाहून जाते. उड्डाणाची माहिती किंवा कंपनीची अंतर्गत कागदपत्रे स्वतःच्या खासगी ईमेलवर पाठवू नयेत, आणि व्हॉट्सॲपच्या गटात यातले एक अक्षरही लिहू नये. तेथले स्क्रीनशॉट कार्यालयात तुमच्याआधी पोहोचतात.

त्या पहाटेच्या अप्रोचविषयी मात्र अहवाल द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि तो बेसच्या प्रमुखांकडे न देता थेट उड्डाण सुरक्षा विभागाच्या गोपनीय मार्गाने द्यावा. त्यात कॅप्टनवर ठपका ठेवण्याची गरज नाही. वेग अधिक होता, मी कॉल द्यायला हवा होता, दिला नाही आणि त्याचे कारण हे होते, एवढे पुरे. असे लिहिणे म्हणजे स्वतःच्या हाताने पुरावा देणे, अशी शंका तुमच्या मनात येईल आणि ती निराधार नाही. म्हणून आधी तुमच्या वैमानिक संघटनेच्या सुरक्षा प्रतिनिधीशी बोलावे, आणि कंपनीच्या गोपनीयतेवर त्यांचाही भरवसा नसेल तर डीजीसीएकडे असलेल्या ऐच्छिक अहवालाच्या सोयीचा विचार करावा.

समज देण्याचा प्रकार पुन्हा घडला तर आणखी एक दार आहे, ज्याची माहिती फार थोड्या वैमानिकांना असते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १७७ नुसार शेअर बाजारात नोंदलेल्या, तसेच बँका आणि सार्वजनिक वित्तसंस्थांकडून ५० कोटींहून अधिक कर्ज घेतलेल्या कंपन्यांना दक्षता यंत्रणा ठेवावी लागते. तक्रारदाराचा छळ होऊ नये याची तरतूद तिच्यात असावी लागते आणि अपवादात्मक प्रसंगी लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांकडे थेट जाता यावे लागते. बेसवरचे अधिकारी या समितीला जितके वचकून असतात तितके वैमानिकांच्या निवेदनाला नसतात. २०१४ च्या जागल्यांच्या (गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या) संरक्षणाच्या कायद्यावर मात्र विसंबू नये. तो सरकारी सेवकांच्या गैरव्यवहारासंबंधी आहे आणि मंजूर होऊनही अंमलात आलेला नाही.

संघटनेचे सदस्यत्व घेतले नसेल तर घ्यावे. २००९ च्या सप्टेंबरमध्ये जेट एअरवेजने संघटना उभारणाऱ्या वैमानिकांना काढून टाकले तेव्हा शेकडो वैमानिक एकाच वेळी आजारी पडले आणि काही दिवसांत कंपनीला तडजोड करावी लागली. त्या एकजुटीचे मला कौतुक आहे, मार्गाचे नाही. आजारपणाचे हत्यार केले की नंतर खरोखर आजारी असलेल्याकडेही संशयाने पाहिले जाते, आणि तुमच्या पिढीला आज जे प्रश्न विचारले जातात त्यांत त्या संशयाचाही वाटा असावा असे मला वाटते.

कर्जाविषयी थोडक्यात. नोकरी सोडण्याचा विचार मनात येत असेल तर बाँडमधील, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या करारातील, अटी कामगार कायद्याच्या जाणकार वकिलाकडून वाचून घ्याव्यात, आणि डीजीसीएच्या २०१७ च्या नियमानुसार सहवैमानिकाला सहा महिन्यांची, तर कमांडरला वर्षाची नोटीस द्यावी लागते हे लक्षात ठेवावे. वडील ज्या चौथ्या पट्टीची वाट पाहायला सांगतात ती मिळाल्यावर बाहेर पडणे सोपे होत नाही, दुप्पट लांबते. शिवाय चौथी पट्टी आल्यावर उजव्या आसनावर दुसरी कोणीतरी बसेल, आणि तिने वेग सांगावा अशी अपेक्षा तुम्ही कराल. इतकी वर्षे गप्प राहिलेल्या कॅप्टनसमोर ती कितपत बोलेल, हे वडिलांना विचारून पाहावे. मी आज नोकरी सोडण्याचा सल्ला देत नाही; तुमच्यासारख्यांनी जाणे हे त्या अधिकाऱ्याला सोयीचेच होईल.

कमांडच्या मुलाखतीत थकव्याच्या त्या अहवालाविषयी विचारले गेले तर दिलगिरी व्यक्त करू नये. ‘त्या दिवशी मी उड्डाणास योग्य नव्हते, नियमाप्रमाणे कळवले, आणि कमांडर झाल्यावर माझ्या सहवैमानिकाने तसे कळवले तर मी ते मान्य करेन’ एवढे सांगून थांबावे. सुरक्षा विभागाचा अहवाल मात्र पुढच्या साप्ताहिक सुटीत, दोन रात्री पुरेशी झोप झाल्यावर लिहावा, आणि पाठवण्यापूर्वी संघटनेच्या प्रतिनिधीला एकदा वाचून दाखवावा.